पालेभाजी रक्तात किती उतरते? मुंबईतल्या २२२ बायकांचं प्रकरण

मुंबईतल्या झोपडवस्तीत राहणाऱ्या २२२ मुली आणि बायका. वय १४ ते ३५, कुणीही गरोदर नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला मिळणाऱ्या खाऊत पालेभाजी, सुकवलेली फळं आणि साय न काढलेल्या दुधाची पावडर होती. दुसऱ्या गटाच्या खाऊत गव्हाचं पीठ, बटाटा, ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो टॅपिओका असे पदार्थ होते. म्हणजे पोटाला आधार, पण जीवनसत्त्वं फारशी नाहीत. आठवड्याचे सहा दिवस, असे बारा आठवडे हा खाऊ द्यायचा आणि तो कुणाच्या तरी देखत खाल्ला जाईल हे पाहायचं. सुरुवातीला एकदा आणि बारा आठवडे संपल्यावर एकदा रक्त तपासायचं. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये प्रसिद्ध झाले.

फळं-भाज्या वाढवल्या की शरीरातली अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना ऑक्सिडेशनच्या नुकसानीपासून जपणारी बीटा-कॅरोटीन, क जीवनसत्त्व यांसारखी द्रव्यं, वाढतात का, असा प्रश्न निघाला की मी हेच प्रकरण पुढे करते. कारण इथे उत्तर अर्धं ‘हो’ आणि अर्धं ‘नाही’ असं आलं, आणि त्यातल्या ‘नाही’पासून शिकण्यासारखं जास्त आहे.

आधी त्या ‘देखत’बद्दल. आहाराचे बहुतेक अभ्यास इथेच फसतात. खाऊ नुसता हातात दिला असता तर तो पदराआड घरी गेला असता आणि पोरांच्या ताटात पडला असता, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. समोर बसवून खायला घातल्यामुळे दोन्ही गटांतल्या ८५ टक्क्यांहून जास्त बायकांनी आठवड्यातून निदान तीनदा तरी खाऊ खाल्ला, अशी नोंद झाली. शिवाय त्या घरी एरवी पालेभाजी आणि फळं किती खातात, राहणीमान कसं आहे, वजन-उंचीचं प्रमाण काय आहे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू आहेत का, हे सगळं हिशोबात धरलं. त्यामुळे जो फरक दिसला तो खाऊचाच, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

पालेभाजी, फळं आणि दूध हे त्रिकूट सुचण्यामागे पुण्याचा मोठा वाटा आहे. १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा मोठा पाठपुरावा झाला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने तो ओळखला जातो. त्यातून २००१ साली जे पुढे आलं त्याने अनेकांना विचारात पाडलं. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले किंवा किती प्रथिनं घेतली याच्याशी बाळाच्या आकारमानाचा फारसा संबंध लागत नव्हता. पण जिच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, तिचं बाळ जरा भरलेलं जन्माला येत होतं. मग हाच आहार मुद्दाम दिला तर काय होईल, हा प्रश्न ओघानेच आला आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये खाऊचे प्रयोग उभे राहिले.

आता रक्त काय म्हणालं ते पाहू. ज्यांनी पालेभाजीचा खाऊ खाल्ला त्यांच्या रक्तातलं बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, दुसऱ्या गटाच्या तुलनेत लिटरमागे सरासरी ४७.१ नॅनोमोलने जास्त भरलं. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक ६.५ ते ८७.७ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे वाढ झाली यात शंका कमी, पण ती जेमतेम होती की चांगली घसघशीत, हे एवढ्या लहान अभ्यासातून ठरवता येत नाही. क जीवनसत्त्व मात्र हललं नाही. रेटिनॉल, म्हणजे रक्तात फिरणारं तयार अ जीवनसत्त्व, तेही जागच्या जागी राहिलं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, आणि फोलेट व बी-१२ ही ब गटातली जीवनसत्त्वं, यांतही दोन गटांत फरक नव्हता.

पाच गोष्टी जागच्या हलल्या नाहीत आणि एकच वाढली, हे ऐकून ‘मग उपयोग काय’ असं म्हणण्याची घाई होते. पण यातल्या प्रत्येक घटकाची शरीरात शिरण्याची वाट वेगळी आहे, आणि ती वाट पाहिल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही.

बीटा-कॅरोटीन हे तेलात विरघळणारं द्रव्य. गाजरात ते डोळ्यांना दिसतं. मेथी, पालक, माठ, चवळी यांच्या पानांत ते हिरव्या रंगाखाली झाकलेलं असतं आणि पानाच्या पेशींमध्ये प्रथिनांना घट्ट बांधलेलं असतं. कच्चं पान चावून ते फारसं सुटत नाही. बारीक चिरलं, वाटलं, शिजवलं की पेशी फुटतात आणि ते मोकळं होतं. मोकळं झालं तरी आतड्यातून रक्तात जायला त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. जेवणात चमचाभर तेल किंवा तूप असलं तरी काम भागतं. या खाऊत दुधाची साय होतीच. म्हणून शिजवलेल्या, प्रक्रिया केलेल्या खाऊतूनही कॅरोटीन टिकून रक्तापर्यंत पोचलं. त्यातून ते चरबीत आणि यकृतात साठतं, त्यामुळे त्याची पातळी हळू चढते आणि हळू उतरते. गेल्या काही आठवड्यांत माणसाने काय खाल्लं याचा ते रक्तातला साक्षीदार असतं, म्हणून आहारशास्त्रातले लोक त्यावर एवढा भरवसा ठेवतात. भाजी किती खाता असं विचारलं तर माणसं बरं वाटेल तेच सांगतात, रक्त तसं करत नाही.

क जीवनसत्त्वाची गोष्ट नेमकी उलटी. ते पाण्यात विरघळतं, उष्णतेने नासतं, हवेने नासतं आणि शरीरात फारसं साठतही नाही. आपल्या स्वयंपाकघरात त्याचं काय होतं ते पाहा. मेथीची जुडी निवडली, विळीवर बारीक चिरली, मग चाळणीत घेऊन नळाखाली धरली. चिरलेल्या प्रत्येक कडेतून रस सुटलेला असतो, तो हिरवट पाण्याबरोबर मोरीत जातो. उरलेली भाजी कढईत उघडी परतली, पाणी आटेपर्यंत ठेवली, दुपारी पुन्हा गरम केली. ताटात येईपर्यंत त्यातलं कॅरोटीन बरंचसं शाबूत असतं, क जीवनसत्त्वाचा मात्र मोठा हिस्सा गेलेला असतो. फळं सुकवली की तेच होतं. जर्दाळू सुकल्यावरही रंग टिकवून असतो, क जीवनसत्त्व नाही. मुंबईच्या खाऊत पालेभाजी शिजलेली होती आणि फळं सुकवलेली. क जीवनसत्त्व वाढलं नाही याचं कारण माझ्या मते इथेच आहे. खाऊ टिकाऊ आणि सगळ्यांना देता येईल असा करायचा तर ही किंमत मोजावी लागते, आणि करणाऱ्यांनी ती काही अजाणतेपणी मोजली नसणार.

क जीवनसत्त्व मोजणं हेही सोपं काम नाही. रक्त नळीत घेतल्यापासून ते नासायला लागतं. नमुना थंड ठेवायचा, रक्तद्रव पटकन वेगळा करायचा, त्यात आम्ल मिसळायचं आणि मग गोठवायचं, एवढं सगळं नीट झालं तरच आकडा खरा. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये सकाळी दिलेलं रक्त दुपारी गाडीवरून दुसऱ्या शहरात जात असेल, तर त्या अहवालातल्या क जीवनसत्त्वाच्या आकड्यावर मी फार विसंबणार नाही.

रेटिनॉल का हललं नाही? कारण शरीर ते हलू देत नाही. अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि यकृत रक्तात जेवढं लागेल तेवढंच सोडतं. साठा अगदी खडखडाट होईपर्यंत रक्तातली पातळी जवळपास सारखी राहते. शिवाय अन्नातल्या बीटा-कॅरोटीनचं रेटिनॉलमध्ये रूपांतर काटकसरीने होतं; साधारण १२ मायक्रोग्रॅम कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल असा हिशोब धरतात. तेव्हा रेटिनॉल न वाढणं हे खाऊ फसल्याचं लक्षण मानता येत नाही. ज्यांच्यात मुळात तुटवडा नव्हता त्यांच्यात ते वाढायचं कारणच नव्हतं.

फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. तो बारा आठवड्यांत पालेभाजीने भरून यावा ही अपेक्षा मोठी होती. पानांतलं लोह शरीर थोडंच घेतं, आणि जेवणावर चहा झाला की त्याहून थोडं. बी-१२ साठी पावडरीतलं दूध अपुरं पडलं असावं. फोलेटही उष्णतेने कमी होतं.

हाच मुद्दा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या एका अभ्यासाशेजारी ठेवला की जास्त उघडा होतो. तिथे निरोगी तरुण माणसांना जेवणात पालेभाजी वाढवून दिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या रक्तातलं बीटा-कॅरोटीन तर वाढलंच, पण क जीवनसत्त्व, जस्त आणि हिमोग्लोबिनही वाढलं. म्हणजे पालेभाजीतून क जीवनसत्त्व रक्तात जाऊ शकतं. भाजी किती, कशी शिजवली, ताटात यायला किती वेळ लागला आणि खाणारा आधी कशा स्थितीत होता, यावर ते ठरतं.

या दोन्हींच्या आधीचा, आणि या विषयात आजही ज्याचा दाखला दिला जातो असा प्रयोग ऑक्सफर्डच्या संशोधकांचा. २००२ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका आरोग्य केंद्रात येणाऱ्या २५ ते ६४ वयाच्या ६९० निरोगी माणसांची त्यात निवड झाली. त्यांना खायला काही दिलं नाही. निम्म्यांशी बोलून, त्यांच्या सोयीने आणि आवडीने, दिवसाला फळं-भाज्यांचे निदान पाच वाढे खायला प्रवृत्त केलं. (तिकडे एक वाढा साधारण ८० ग्रॅमचा धरतात.) सहा महिन्यांनी या लोकांचं खाणं दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १.४ वाढ्यांनी जास्त वाढलेलं होतं, म्हणजे एक सफरचंद आणि वर थोडी कोशिंबीर. एवढ्याशा बदलानेही रक्तातलं अल्फा-कॅरोटीन, बीटा-कॅरोटीन, ल्युटीन, बीटा-क्रिप्टोझँथिन ही फळा-भाज्यांतली रंगद्रव्यं आणि क जीवनसत्त्व वाढलं. टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य लायकोपिन वाढलं नाही, ई जीवनसत्त्व वाढलं नाही, आणि रेटिनॉल इथेही हललं नाही. मुंबईतलं रेटिनॉल आणि ऑक्सफर्डमधलं रेटिनॉल एकसारखंच वागलं, कारण दोन्हीकडे यकृत तेच काम करत होतं. ई जीवनसत्त्व मुख्यतः तेलं आणि दाणे-बदाम यांतून येतं, म्हणून तेही अपेक्षेप्रमाणेच. तिकडची फळं बरीचशी कच्ची आणि ताजी खाल्ली जातात, त्यामुळे क जीवनसत्त्व वाढलं, हे मुंबईच्या निकालाशी जुळतं.

ऑक्सफर्डमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा ४ मिलिमीटरने आणि खालचा १.५ मिलिमीटरने जास्त उतरला. एका माणसाच्या दृष्टीने हा आकडा लहान आहे. पण गावच्या गाव त्या दिशेने सरकलं तर पक्षाघाताच्या खाटा रिकाम्या होतील इतका तो मोठा आहे. यात अँटिऑक्सिडंटचा हात किती आणि भाजीतल्या पोटॅशियमचा, तंतूंचा किती, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

आणि इथेच मला ‘अँटिऑक्सिडंट पातळी’ या एकाच आकड्याबद्दल स्पष्ट बोलायचं आहे, कारण तो आकडा आता रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये विकला जातो. रक्ताची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या चाचण्या आहेत. पण त्या क्षमतेचा मोठा भाग युरिक ॲसिडचा असतो, तेच युरिक ॲसिड जे वाढलं की गाऊटने पायाचा अंगठा सुजतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सहा निरोगी माणसांना प्रत्येकी पाच सफरचंदं खायला दिली. २००४ साली हे काम प्रसिद्ध झालं. खाल्ल्यावर त्यांच्या रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली खरी, पण ती सफरचंदातल्या फ्लॅव्होनॉइड नावाच्या अँटिऑक्सिडंटमुळे नव्हे. फळातल्या फ्रुक्टोज साखरेवर यकृतात प्रक्रिया होताना युरिक ॲसिड वाढलं आणि त्याने आकडा वर गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारी आपली यादी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीत मोजलेल्या त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरतात, हे त्यामागचं कारण. तरीही ‘अमुक बेरीत तमुक पट अँटिऑक्सिडंट’ अशी पाकिटं आपल्या मॉलमध्ये पेरूच्या दहापट भावाने विकली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबईच्या संशोधकांनी असा एकच एकूण आकडा काढून ‘वाढला’ किंवा ‘नाही वाढला’ असं म्हटलं असतं, तर आपल्याला काहीच कळलं नसतं. एकेक घटक वेगळा मोजल्यामुळेच खाऊची ताकद आणि खाऊतली उणीव दोन्ही दिसल्या.

रक्तातली पातळी वाढली म्हणजे तब्येत सुधारली, असंही गृहीत धरता येत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर प्रयोग झाला. त्यात बीटा-कॅरोटीनच्या रोज २० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हे १९९४ साली जाहीर झालं. ऑक्सफर्डमधूनच चाललेल्या २०,५३६ लोकांच्या दुसऱ्या प्रयोगात ई, क आणि बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी रक्तातल्या पातळ्या भरपूर वाढल्या, पण पाच वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत. तो अहवालही ‘लॅन्सेट’मध्येच, त्याच २००२ सालात आला. सिगारेट ओढणाऱ्याने बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत, हे मी कुणालाही ठामपणे सांगते. गाजर आणि मेथीला ही मनाई लागू नाही.

मग मुंबईच्या खाऊने तब्येतीत काही घडलं का? त्याचं उत्तर याच संशोधकांच्या मोठ्या प्रयोगात आहे. त्यात ६,५१३ बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून असाच पालेभाजी, फळं आणि दुधाचा किंवा तुलनेचा खाऊ दिला. २०१४ साली त्याचे बाळांच्या वजनाबद्दलचे निष्कर्ष आले. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक नव्हता. पण ज्या बायकांनी गरोदर राहण्याआधी निदान तीन महिने खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. फायदा मिळाला तो अंगाने बऱ्या असलेल्या बायकांना. फार बारीक बायकांच्या बाळांना तो मिळाला नाही. अंगात मुळात ऊर्जेचाच तुटवडा असेल तर नुसत्या पालेभाजीने भागत नाही. गरोदरपणातला मधुमेह मात्र, २०१६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, पालेभाजीच्या खाऊच्या गटात ७.३ टक्के आणि तुलनेच्या गटात १२.४ टक्के असा निघाला. मला या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा आकडा वाटतो. तो बीटा-कॅरोटीनमुळे आला, असं कुणी म्हणू नये. भाजी, फळ आणि दूध एकत्र पोटात गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी गेलं नाही, एवढंच त्यातून म्हणता येतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी हातात धरवत नाही अशा भावाने जाते, तेव्हा चार जणांच्या घरात दीड किलोच्या वर भाजी रोज आणायची म्हणजे काय, हे सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. अशा घरात मी भाजीच्या वजनापेक्षा ती हाताळण्यावर जास्त बोलते. जुडी आधी धुवायची आणि मग चिरायची. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवायची, फोडणीला थोडं का होईना तेल असू द्यायचं, आणि शिजवल्यावर लगेच जेवायला बसायचं. पिळून पाणी फेकायचं नाही, ते आमटीत घालायचं.

त्या २२२ बायकांचा प्रयोग पुन्हा करायची संधी कुणाला मिळाली, तर खाऊ आहे तसाच ठेवून त्याच्याबरोबर अर्धा ताजा पेरू द्यावा, असं मला वाटतं. पेरूत शंभर ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, तो कच्चाच खाल्ला जातो आणि हंगामात स्वस्तही असतो. पेरू नसेल तेव्हा खाताना वरून पिळलेलं लिंबू. त्याने रक्तातलं क जीवनसत्त्व वाढेल अशी मला आशा आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेच क जीवनसत्त्व त्याच घासातल्या पालेभाजीच्या लोहाला आतड्यातून आत घ्यायला मदत करतं, आणि त्यासाठी ते रक्तात साठून राहण्याचीही गरज नसते. मात्र दोन्ही एकाच वेळी पोटात जायला हवीत आणि चहा तासाभराने. मग बारा आठवड्यांऐवजी सहा महिने थांबून फेरिटिन पुन्हा मोजावं.